दर कॅसेटला नवं आयुष्य

"गप्प. ऐका."

एवढं म्हणून ते उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि डोळे मिटायचे. समोरचा माणूस मुळात काही बोलत नसला तरी. एकदा गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस त्यांच्या दारात, टाकी खांद्यावर तशीच धरून, ताटकळत उभा राहिलेला मी पाहिला आहे. आत सतार चाललेली, यांचं बोट वर, आणि त्या बिचाऱ्याला टाकी खाली ठेवली तर काहीतरी भयंकर मोडेल अशी भीती. शेवटी वहिनी आतून हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "ठेव रे बाबा खाली. ह्यांचं एवढ्यात संपत न्हाय."

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. ज्याला स्वतःला आनंद झाला की शेजारपाजाऱ्यांना तो झाल्याशिवाय चैन पडत नाही. आमच्या नशिबी असा एक आला होता आणि त्याच्या आणि माझ्या घराची भिंत एक होती. मंगळवार पेठेतला बोळ, दोन खोल्यांची घरं, आणि भिंत इतकी पातळ की फोडणी त्यांच्याकडं पडायची आणि ठसका मला लागायचा. मी शाळेत इतिहास शिकवायचे. ते उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत फेटलिंगच्या खात्यात सुपरवायझर होते. फेटलिंग म्हणजे साच्यातून निघालेल्या लोखंडाच्या वेड्यावाकड्या कडा हातोड्यानं पाडायच्या आणि ग्राइंडरवर घासायच्या. दिवसभर तो कर्कश आवाज ऐकून आलेल्या माणसाला संध्याकाळी शांतता हवी असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण शांतता मला हवी असायची आणि त्यांना संगीत, आणि भिंत एकच असल्यामुळं निकाल रोज त्यांच्याच बाजूनं लागायचा.

ते मला बाई म्हणायचे, मी त्यांना भाऊ. माझी आई सीमेकडची, घरात कानडी बोलणारी. ती त्यांना हुच्च म्हणायची, म्हणजे वेडा. पण म्हणताना तिच्या तोंडावर हसू असायचं, आणि त्यांच्याकडं गाणं लागलं की ती आपली खुर्ची भिंतीजवळ सरकवायची. घरचाच माणूस फितूर असल्यावर मी काय करणार?

नव्वदच्या आसपासची गोष्ट. गल्लीत सगळे कॅसेट म्हणायचे. यांना तो शब्द चालायचा नाही. कॅसेट म्हणजे बाजारातली दहा गाणी कुणीतरी कोंबलेली वस्तू. यांचा असायचा अल्बम. अल्बम म्हणजे एका माणसानं विचार करून, पहिल्या गाण्यानंतर दुसरं का आणि शेवटी कुठलं, हे ठरवून केलेलं काम. तो मधूनच ऐकायचा नाही, पुढं पळवायचा नाही, अर्ध्यात उठायचं नाही. मी एकदा सहज म्हटलं की तिसरं गाणं बरं आहे, तेवढंच लावा. तर माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवळात चपला घालून शिरले होते. "तुमी पोरांस्नी पानपत आधी आनि शिवाजीम्हाराज मागनं शिकवताय व्हय?" असा उलट सवाल आला.

नव्या अल्बमचं पहिलं ऐकणं हा त्यांच्या घरातला सण होता. रविवारी सकाळी अंघोळ, स्वच्छ सदरा, उदबत्ती. मग वेष्टणाचा पातळ कागद नखानं सोडवायचा, आतलं चित्र निरखायचं, वहिनींना कुकर लावायची बंदी करायची, आणि टेपरेकॉर्डरसमोर ताठ बसायचं. एक बाजू संपली की भिंतीवर दोन टकटक. ती माझ्यासाठी. म्हणजे मी ऐकलं का, अशी चौकशी. मी ऐकलं नसण्याची सोय त्या भिंतीत नव्हतीच. दुसरी बाजू संपली की ते स्वतः दारात यायचे. चेहरा एकदम धुतल्यासारखा.

"आयुष्य बदललं, बाई."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की माझंही आयुष्य आतापर्यंत बदलायला हवं होतं. इतर माणसांना आयुष्य बदलायला अपघात लागतो, लग्न लागतं, निदान बदली तरी. यांना फक्त महाद्वार रोडवरचं एक दुकान लागायचं.

पहिलं आयुष्य बदललं ते एका गझलांच्या अल्बमनं. वरच्या चित्रात शाल घेतलेला एक गृहस्थ मेणबत्तीकडं बघत होता. दुसऱ्या दिवशी यांच्या खांद्यावर शाल. मे महिना होता. बोलणंही बदललं. दूधवाल्याला "तशरीफ ठेवा की पावणं" म्हणाले. त्यानं घाबरून दुधाची किटली ठेवली. गझलेचा माणूस ओरडत नाही, म्हणून फौंड्रीतही हळू आवाजात सूचना द्यायला लागले. त्या खात्यात शेजारच्याला हाक मारायची तर हातवारे करावे लागतात. तिथं यांची अदब कुणाला ऐकू जाणार? आठवडाभर माणसं काहीच्या बाही घासत बसली, आणि साहेबानं सगळ्यांसमक्ष यांची जी हजेरी घेतली ती मात्र शेवटच्या भट्टीपर्यंत स्पष्ट ऐकू गेली. शाल पेटीत गेली.

मग भजनांचा अल्बम आला. त्यानं यांचं मटण सुटलं. कोल्हापुरात ही गोष्ट किती गंभीर आहे हे बाहेरच्यांना कळायचं नाही. रविवारी सगळ्या गल्लीत तांबड्या-पांढऱ्याचा वास सुटलेला, आणि हे गॅलरीत मुगाची खिचडी खात, चेहऱ्यावर सगळ्या जगाला क्षमा केल्याचा भाव. आम्ही लिंगायत, आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या मटण शिजलेलं नाही, म्हणून हे माझं अभिनंदन करायला आले. "तुमचं बरं हाय बाई. तुमास्नी अल्बम लागला न्हाय." हे आयुष्य उचगावच्या म्हाईपर्यंत टिकलं. म्हाई म्हणजे गावजेवणाची जत्रा, आणि उचगाव ही सासुरवाडी. मेव्हण्यानं ताटात वाढलेलं यांनी निमूट संपवलं. पुन्हा वाढून घेतलं. मी भजनांची आठवण करून दिली तर शांतपणे म्हणाले की बी साईडला त्यागाचं काही न्हाय.

एका वाद्यसंगीताच्या अल्बमवर डोंगर आणि धुकं होतं. हे संगीत धुक्यातच ऐकलं पाहिजे, असं म्हणून वहिनींना आणि टेपरेकॉर्डरला घेऊन एस.टी.नं पन्हाळ्याला गेले. तिथं सेल उतरले आणि संतूर हळूहळू म्हशीच्या चालीनं वाजायला लागलं. वहिनी सांगत होत्या की हे तरीही डोळे मिटून बसले होते आणि म्हणत होते, हीच खरी ठाय लय, दुकानात ऐकली ती चुकीची होती.

हसा. मीही हसले आहे, वर्षानुवर्षं. पण एक सांगते. त्या माणसाला दर वेळी खरंच वाटायचं. ढोंग नव्हतं त्यात. तुमच्या-माझ्यासारखी माणसं एखादं गाणं आवडलं की 'छान आहे' म्हणतात आणि भाजी निवडायला बसतात. यांना ते जमायचं नाही. गाणं आवडलं आणि आपण कालच्यासारखेच राहिलो, हा त्यांना त्या गाण्याचा अपमान वाटायचा.

एका शास्त्रीय गायनाच्या अल्बमनं मात्र त्यांचं सोडून दुसऱ्याचंच आयुष्य बदललं. त्यांच्या मुलीचं, स्वातीचं. ती तेव्हा प्राथमिक शाळेत होती. गाणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचा आवाज विलक्षण होता, हे मलासुद्धा भिंतीतून कळलं. अल्बम संपला, टकटक न करताच हे बाहेर आले आणि पोरीचं बोट धरून थेट रंकाळ्याजवळच्या एका गाण्याच्या क्लासला गेले. त्या दिवसापासून भिंतीतून अल्बमशिवाय आणखी एक गोष्ट यायला लागली. स्वातीचा सा. रोज पहाटे. सुरुवातीला तो सा कुठल्याही दिशेला जायचा. पोरगी रडायची, वहिनी तिची बाजू घ्यायच्या, हे कुणाचीच घ्यायचे नाहीत. पुढं तिचं रडणं थांबलं. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी त्या आवाजावर उठत होते आणि घड्याळाचा गजर लावणं सोडून दिलं होतं. अर्थात हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी रोज पहाटे टकटक ऐकली असती.

दोन हजार सालाच्या आसपास गल्लीत यांच्याबद्दल कुरबूर सुरू झाली. हाक मारली तर ओ देत नाहीत. आमच्याकडं ओ न देणं ही साधी गोष्ट नाही. एक वेळ शिवी दिलेली चालते. तालमीच्या अध्यक्षांनी मागून हाक मारली, हे सरळ निघून गेले. शेजारच्या काकू 'जेवलासा का?' म्हणाल्या तर हे हसून 'व्हय, उद्या' म्हणाले. गल्लीचा निकाल झाला. फौंड्रीत बढती मिळाली, पोरगी गाण्यात बक्षिसं आणते, माणूस चढलाय. लई शाणा झालाय. मग गल्लीनंही बोलणं कमी केलं, आणि यांना तेही कळलं नसावं.

सगळ्यात वाईट झालं ते एस.टी. स्टँडवर. उचगावचा मेव्हणा भेटला. त्याची आई, म्हणजे यांची सासू, कागलच्या दवाखान्यात होती आणि काही खरं नव्हतं. तो डोळ्यांत पाणी आणून ते सांगत होता. मागं गाड्यांचे हॉर्न, कर्नाटकच्या गाडीसाठी आरडाओरडा. यांनी सगळं ऐकून घेतलं, त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "झकास."

सासू वाचली, पण उचगावचं दार बंद झालं. मेव्हण्यानं बहिणीला निरोप धाडला की माहेर तुझं आहे, त्याचं नाही. वहिनींनी मग एकटीनं जायचंही सोडलं.

आता तुमच्या ध्यानात आलंच असेल. आमच्या कुणाच्याच आलं नाही. कारण कोल्हापुरात माणूस बहिरा व्हायला लागला हे कळायला वर्षं जातात. इथं हळू बोलतंय कोण? दोन माणसं प्रेमानं बोलत असली तरी परगावच्याला वाटतं की पोलिसांना बोलवावं. अशा गावात कानांनी निम्मं काम सोडलं तरी माणसाचं निभावून जातं.

मला कळलं ते भिंतीमुळं. आवाज वाढत चालला होता. टेप जाऊन सीडी आली होती, पण जुने अल्बम ते अजून टेपवरच ऐकायचे, आणि आता ते एवढे मोठ्यानं लागायचे की माझ्या फळीवरचे डबे थरथरायचे. एका रविवारी दुपारी मी पेपर तपासत होते. भिंतीपलीकडं गाणं लागलं, थोडं चाललं आणि मग घर्रघर्र असा आवाज सुरू झाला. टेप गुंतली होती. कुणीही उठून बंद करेल असा तो आवाज. तो थांबेचना. मी लाल पेन हातात तसंच घेऊन भांडायला गेले.

हे पाठमोरे बसले होते. कॅसेटची पट्टी बाहेर येऊन टेपरेकॉर्डरवर तिचा गुंता झाला होता, आतून यंत्र दाणे दळल्यासारखं घरघरत होतं, आणि हे मांडीवर ताल धरून मान डोलवत होते. एका जागी त्यांनी वाहवा म्हणावं तसा हात उचलला. मी दोनदा हाक मारली. मग समोर जाऊन उभी राहिले, तशी मिटलेल्या डोळ्यांवर माझी सावली पडली.

त्यांनी डोळे उघडले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "आवाज कमी करू व्हय, बाई?"

मी टेपकडं बोट केलं. त्यांनी तो गुंता पाहिला. मग बटण दाबून बंद केलं आणि पट्टी पेन्सिलीनं हळूहळू गुंडाळायला बसले. मान वर न करता बोलायला लागले. बरेच दिवस झाले म्हणाले. आधी बारीक सूर गेले, मग शब्द. आता नुसतं काहीतरी चाललंय एवढं कळतं. जुने अल्बम पाठ आहेत, ते लावले की पुढचं आठवत जातं आणि ऐकल्यासारखं होतं. नवा अल्बम घेतला नव्हता कितीतरी दिवसांत. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. टकटक कधी बंद झाली, तेही नाही.

कानाच्या डॉक्टरांकडं गुपचूप जाऊन आले होते. कारखान्याच्या आवाजानं झालंय, परत यायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"गाण्यानं गेलं असतं तर काय वाटलं नसतं," ते म्हणाले. "लोखंडानं गेलं."

मी म्हटलं, गल्लीला सांगू या, लोक उगीच गैरसमज करून बसलेत. माझे ओठ नीट बघून त्यांनी ते समजून घेतलं आणि घाईनं मान हलवली. "नगा. चढलाय म्हंत्यात न्हवं? म्हनू द्यात. बहिरं म्हन्ल्यापेक्षा बरं हाय."

मी तोंड बंद ठेवायचं कबूल केलं, आणि हे गुपित आता जिवापाड सांभाळायचं अशा तयारीनं घरी आले. चार दिवसांनी गच्चीवर वहिनी कुरडया घालत होत्या. मी उगीच इकडचं तिकडचं बोलत राहिले. त्यांनी सोऱ्या खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यांस्नी ऐकू येत न्हाय, हेच न्हवं? मला म्हाईत हाय की. कवापास्नं." मग माझ्या ध्यानात आलं की वहिनी बरेच दिवस त्यांच्याशी बोलण्याआधी त्यांच्या बाहीला हात लावत होत्या. माहेर तुटलं तरी नवऱ्याची अब्रू म्हणून ही बाई गप्प राहिली होती. एका घरात दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसली होती, आणि वर मोठ्यानं गाणी लावत होती.

शेवटी वहिनींनीच उचगावला जाऊन भावाला सांगितलं. मेव्हणा दुसऱ्याच दिवशी आला आणि यांच्या कानाशी तोंड नेऊन असा ओरडला की सगळ्या गल्लीला एकदमच कळलं. "आदी सांगायचं न्हाईसा व्हय, दाजी?" दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. गल्लीनंही सगळं मागं टाकलं. काही हसले, नाही असं नाही. पण त्यानंतर जो तो यांच्याशी आणखी मोठ्यानं बोलायला लागला, आणि भिंतीपलीकडं मला अल्बमच्या जागी सगळ्या गल्लीच्या खबरी ऐकू यायला लागल्या.

राजारामपुरीतून कानाचं यंत्र आणलं. पहिल्या दिवशी ते घालून त्यांनी स्वातीला क्लासला धाडणारा तोच गायिकेचा अल्बम लावला. मी मुद्दाम गेले होते. ते थोडा वेळ बसले, मग यंत्र काढून हातात धरलं. भांडी आपटल्यासारखं वाटतंय म्हणाले. बोलणं कळत होतं, गाणं कळत नव्हतं. त्यांनी यंत्र डब्यात ठेवलं ते ठेवलंच. त्या माणसाचं आयुष्य या वेळी खरंच बदललं होतं, आणि हे सांगायला तो कुणाच्या दारात गेला नव्हता.

वर्षभर गेलं असेल. एका संध्याकाळी भिंतीवर टकटक झाली. मी चमकले. दार उघडलं तर हे उभे, हातात नवीकोरी सीडी, कागदही न सोडवलेली. माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, हे जरा ऐका, आनि मला सांगा."

असा मला माझ्या मर्जीविरुद्ध कानांचा पदभार मिळाला. ज्या बाईनं उभं आयुष्य त्यांच्या संगीतावर नाक मुरडलं, तिला. वहिनींकडं का नाही, असं मी विचारलं. तर म्हणाले, ती मला बरं वाटावं म्हणून सगळं चांगलंच सांगते. मी तसं काही करणार नाही याबद्दल त्यांची खात्री होती. याला स्तुती म्हणायचं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुरुवातीचे माझे अहवाल शाळेच्या वळणाचे होते. चांगले आहे. समाधानकारक. दुसऱ्या गाण्यात आणखी प्रयत्न हवेत. ते कपाळाला हात लावायचे. मग प्रश्न विचारायचे. आधी वाद्य वाजतंय का आवाज? बासरी आहे तर ती गाण्याच्या पुढं चालते का मागं? गाणारा शब्द ओढतो का सोडतो? मला काही कळायचं नाही. त्यांनी विचारलं म्हणून मी पुन्हा ऐकायचे, आणि दुसऱ्यांदा खरंच बासरी मागं चालत असायची. कंटाळून कधी मी नुसतं 'छान' म्हटलं तर लगेच पकडायचे. माझ्या ओठांकडं बघत बसण्याची सवय, त्यामुळं सगळा चेहराच त्यांना वाचता यायला लागला होता. "तोंड तर न्हाय म्हनतंय," असं म्हणून ते परत लावायला लावायचे. शेजारधर्म म्हणून सुरू केलेलं हे काम मी पुढं वाट बघत करायला लागले. शाळेतल्या बायका विचारायच्या, हल्ली काय गुणगुणता? मी म्हणायचे, शेजाऱ्यांचं आहे, माझं नाही.

आता ते नाहीत. जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या घरात नवे लोक आलेत, मालिका बघतात, भिंत तेवढीच पातळ आहे. ते काही आजारी पडून, हाल होऊन गेले नाहीत, एवढं सांगून ती गोष्ट मी बाजूला ठेवते. मला आठवतात ते वेगळ्याच एका दुपारचे.

स्वातीचं लग्न होऊन ती इचलकरंजीला गेली होती. नवऱ्याच्या ओळखीच्या कुणीतरी देवीच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि त्यातली सगळी गाणी स्वाती गायली. वेष्टणावर देवीचा मोठा फोटो, कोपऱ्यात स्वातीचा छोटा. नवरात्राच्या तोंडावर सीडी आली आणि गल्लीनं ती डोक्यावर घेतली. तालमीच्या पोरांनी मांडवात मोठे स्पीकर लावून दिवसभर तीच वाजवली. जो भेटेल तो यांच्या पाठीवर थाप मारून अंगठा दाखवायचा. एक नंबर. हे हसून मान हलवायचे.

मी शाळेतून येताना पाहिलं. हे मांडवात स्पीकरच्या अगदी पुढ्यात उभे होते. छातीवर हात ठेवून. मला पाहिलं तसे जवळ आले.

"ढोल कळतोय," ते म्हणाले. "पोरगी कळंना."

दुसऱ्या दिवशी ते सीडी घेऊन माझ्याकडं आले. स्वाती माहेरपणाला आली होती, ती पलीकडं वहिनींजवळ होती. तिला सांगितलं नाही म्हणाले. खुर्चीत बसले, पण टेकले नाहीत. म्हणाले की सगळी गल्ली चांगलं म्हणतेय, पण लेकीचं गाणं म्हटल्यावर बापासमोर वंगाळ कोण म्हणणार? तिचा आवाज त्यांनी नीट ऐकला होता तो ती कॉलेजात जायच्या आधीचा. त्यानंतर ती कशी गाते, हे त्यांना माहीतच नव्हतं. क्लासला घातलं ते चूक केलं का बरोबर, पोरीचं बालपण पहाटेच्या रियाजात घालवलं त्याचं काही झालं का, हे विचारायला आता त्यांच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं.

"खरं सांगा, बाई. माझी आन हाय."

मी सीडी लावली. या वेळी मी स्वतःहून डोळे मिटले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न पळवता. मध्ये चहा उतू गेला तरी उठले नाही. संपल्यावर डोळे उघडले तेव्हा ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखे बसले होते.

मी त्यांच्याकडं तोंड करून सावकाश सांगितलं. आवाज आता भरलाय. लहानपणी टोचायचा तसा टोचत नाही. शब्द स्वच्छ आहेत, ढोलाच्या खाली दबत नाहीत. वरच्या सुरात जाताना थोडी बारीक होते, पण सूर सोडत नाही. पाळण्याचं गाणं आहे, त्यात ती ढोलकीकडं लक्षच देत नाही, तिच्या मनानं गाते, आणि तेच गाणं सगळ्यात चांगलं आहे. इथवर ते हललेसुद्धा नाहीत. मग तेही सांगितलं. पाळण्याच्या शेवटच्या कडव्यात तिला दम पुरला नाही. एक शब्द अर्धाच राहिलाय.

त्यांचा चेहरा उजळला. खरंच सांगते, एवढा आनंद मी त्या चेहऱ्यावर एकाही अल्बमच्या वेळी पाहिला नव्हता. ते मागं टेकले.

"ल्हानपनापास्नं हाय ते तिचं. शेवटाला घाई करती. मी सांगून दमलो. म्हंजे बाकीचं तुमी म्हनताय ते खरं हाय."

मग म्हणाले, ते पाळण्याचं तेवढं परत लावा.

मधलंच एक गाणं लावायला त्यांनी उभ्या आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. मी लावलं. त्यांनी खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर घेतली. मला वाटलं, थरथर कळावी म्हणून हात सीडी प्लेअरवर ठेवतील. त्यांनी प्लेअरकडं पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्या तोंडाकडं बघत बसले. गाणं सुरू झालं तशी त्यांची मान हलायला लागली, माझ्या मानेबरोबर. मला तोंड फिरवावंसं वाटत होतं, पण फिरवलं असतं तर त्यांचं गाणं तुटलं असतं. कडवी एकेक करून गेली. शेवटचं आलं. स्वातीचा दम जिथं संपतो ती जागा आली आणि मी काही बोलले नाही, बोटसुद्धा हलवलं नाही.

"हितं," ते म्हणाले. "हितंच की."

मी मान हलवली. गाणं पुढं चालू होतं, आणि मला समोरचं नीट दिसेना. ते पुढं वाकले, आणि आपल्या नेहमीच्या गल्लीभर ऐकू जाणाऱ्या आवाजात मला समजावायला लागले.

"आवो बाई, रडताय कशाला? येवढं काय वंगाळ गायली न्हाय ती."